घारीचा नवा आवाज

ट्रेलर आला त्या दिवशी ताई एका बँकेसाठी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य अकराव्यांदा म्हणत होती. बँकेच्या माणसाला त्यात आपुलकी हवी होती आणि दहाही वेळा ती त्याला कमी पडली होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. एरवी तो अशा गिऱ्हाइकांच्या पाठीमागे तोंड वेडावून ताईला हसवायचा. आज मात्र खाली मान घालून फोनमध्ये बघत होता, आणि चेहरा असा, की कुणीतरी गेल्याची बातमी वाचतोय.

बँकेचा माणूस गेल्यावर तो बूथमध्ये आला.

"ताई, आधी बसून घे."

"कोण गेलं?"

"गेलं कुणी नाही. घार परत येतेय."

स्टुडिओत सगळेच तिला ताई म्हणत. झाडूपोछा करणारी बाईसुद्धा, जी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. पण स्टुडिओच्या बाहेर, जगभर पसरलेल्या काही लाख लोकांसाठी ती घार होती. बावीस वर्षांपूर्वी 'लोहपंख' नावाचा मारधाडीचा गेम निघाला होता. त्याची नायिका घार: पाठीला लोखंडाचा एकच पंख, हातात आखूड तलवार, आणि कड्यावरून झेप घेण्याआधी एक आरोळी, "वर बघ!" शत्रू वर बघेपर्यंत त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. ती आरोळी ताईची. त्या वेळी ती एकोणतीस वर्षांची होती, तीन दिवसांचं काम म्हणून गेली होती, आणि आपण काय करतोय हे तिला धड कळलंही नव्हतं. गेम चालला. दुसरा आला, तिसरा आला. 'वर बघ!' लोकांच्या फोनची रिंग झाली, टी-शर्टावर छापली गेली, एका माणसानं तर दंडावर गोंदवून घेतली. मग कंपनी बुडाली, विकली गेली, आणि पंधरा वर्षं घार कुठे दिसली नाही.

रेकॉर्डिस्टनं फोन तिच्यापुढे धरला. धुकं, मोडका बुरूज, पंखाचा कर्र आवाज. केस पिकलेली, गालावर व्रण असलेली घार कड्याच्या टोकाशी आली. खाली शत्रूची छावणी. आणि मग ती जवळजवळ कुजबुजत, घोगऱ्या, मध्येच तुटणाऱ्या आवाजात म्हणाली, "वर... बघ."

ताईला वाटलं, आपलाच कोट अंगात घालून एखादी परकी बाई समोरून चालत यावी, तसं झालंय.

"कोण आहे ही?"

"नाटकात काम करते. असेल सव्वीस-सत्तावीसची. आपल्याकडेही येते ना कधीकधी दुपारची, कार्टूनमधले ससे-बिसे करायला."

"मग बरोबर. ससाच वाटतोय," ताई म्हणाली आणि हेडफोन खुंटीला अडकवून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत लोकांनी आकाशपाताळ एक केलं. ताई स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होती. 'घारीला पडसं झालंय का?' 'पंधरा वर्षं वाट पाहिली ती या फुसफुशीसाठी?' 'माझं बालपण नासवलंत, परत करा.' 'हिला कुणीतरी पाणी पाजा आणि घरी पाठवा.' 'ज्यानं हे मंजूर केलं त्याचा पत्ता कुणाकडे आहे?' आणि दर चार-पाच ओळींमागे एक प्रश्न: 'खरी घार कुठे आहे? तिला का नाही घेतलं?' हा प्रश्न ताईनं पुन्हा पुन्हा शोधून वाचला. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं.

नवरा दुकान बंद करून आला. त्याचं औषधांचं दुकान होतं. दिवसभर पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचून त्याला मोठ्या अक्षरांतली कुठलीच गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नसे.

"दुकानात एक जण सांगत होता," तो हात धुताना म्हणाला. "तुझा तो गेम परत काढलाय म्हणे. तुला विचारलं नाही त्यांनी?"

"नाही," ताई म्हणाली.

हे खोटं होतं.

दोन वर्षांपूर्वी नव्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. बाहेर कुठे अक्षर काढायचं नाही अशा कागदावर सही घेतली होती. तिथली दिग्दर्शिका मऊ बोलणारी, चाळिशीची बाई होती. तिनं तीन पानं संवाद वाचायला दिले. ते ताईनं असे वाचले, की त्या बाईनं डोळे मिटून घेतले. मग आली यादी. गेममध्ये संवाद थोडे आणि आरोळ्या फार: छोटी उडी, मोठी उडी, हलका मार, जबर मार, पाण्यात पडणे, आगीत मरणे, एकेक दहा-दहा तऱ्हांनी. जुन्या दिवसांत ताईनं एका दुपारात चाळीस मरणं दिली होती. या वेळी चाळिसाव्या मिनिटाला तिचा आवाज मधोमध तडकला. पुन्हा केलं, पुन्हा तडकला. तिसऱ्या वेळी तोंडाला रक्ताची चव आली. दिग्दर्शिकेनं स्वतः उठून पाणी आणून दिलं, आणि त्या पाण्यातच ताईला उत्तर कळलं. नवऱ्याला तिनं सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. नंतर सांगू नंतर सांगू म्हणत दोन वर्षं निघून गेली.

ट्रेलरनंतर आठवड्याभरात तिला कवटीचा फोन आला. कवटी म्हणजे 'लोहपंख'च्या चाहत्यांतला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. चॅनेलच्या चित्रात कवटी होती म्हणून नाव कवटी. प्रत्यक्षात गोरागोमटा, गुबगुबीत, पस्तिशीचा. फोनवर त्याचा आवाज कापत होता.

"मॅडम, तुम्ही खरंच बोलताय? माझ्याशी?"

रविवारी सकाळी अकरा वाजता त्यानं तिला लाइव्ह घेतलं. ताई झोपायच्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसली. कपाटाचं दार नीट लागत नसे म्हणून त्याला खुर्ची टेकवली होती. कवटीनं आधी आपली कहाणी सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, सहा महिने पलंगावर. मित्र दोन आठवडे आले, मग यायचे बंद झाले. "तुमचा आवाज मात्र रोज होता, मॅडम. मी मरायचो, तुम्ही मरायचात, परत पहिल्यापासून." त्याचे डोळे भरले होते. ताईचेही भरले. आणि अशा ओल्या क्षणी त्यानं विचारलं, "त्यांनी तुम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही?"

खालच्या पट्टीवर लोकांचे शब्द धबधब्यासारखे कोसळत होते. तीस हजारांवर माणसं ऐकत होती. ताईला वाटलं, आता 'विचारलं होतं' म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल: तडकलेला आवाज, पाण्याचा पेला, सगळं.

"नाही," ती म्हणाली. "साधा फोनही नाही."

"आणि ही नवी मुलगी? कशी वाटते?"

इथे ती थांबली असती तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं.

"मुलगी चांगली असेल हो," ताई म्हणाली. "पण ती घार नाही. चिमणी आहे."

कवटी इतका हसला, की त्याची खुर्ची मागे कलंडली.

दुपारपर्यंत सगळीकडे चिमणीच चिमणी. कुणीतरी ट्रेलरमधल्या घारीच्या तोंडी चिवचिवाट घातला. तो मूळ ट्रेलरपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. 'चिमणी हटवा, घार आणा' अशा अर्जावर लाखभर सह्या झाल्या. कोपऱ्यावरचा फळवाला ताईला ओळखायला लागला. तिच्या धाकट्या जावेनं, जी एरवी तिला पाण्यात पाहायची, फोन करून विचारलं, "वहिनी, आमच्या भाचीला तुमची सही हवी आहे." ताई आरशात बघून केस नीट करायला लागली. तीन आठवडे तिचे बरे गेले.

चौथ्या आठवड्यात ती स्टुडिओच्या जिन्यावरून उतरत होती, तर खालच्या पायरीवर एक उंच, हडकुळी मुलगी वाट अडवून उभी होती. जॅकेटची टोपी डोक्यावरून ओढलेली. तिनं टोपी मागे केली.

"ओळखलंत?" तिचा बोलण्यातला आवाज स्वच्छ होता, काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा. ट्रेलरमधल्या घोगरेपणाचा त्यात मागमूस नव्हता. म्हणूनच ताईला ओळखायला एक क्षण लागला.

"तू ती..."

"चिमणी. म्हणा ना. सगळे म्हणतात."

"हे बघ, मला तुझ्याशी काही..."

"मला आहे. दोन मिनिटं." मुलगी एक पायरी वर चढली. "माझ्या घरी रोज पार्सलं येतात. पाखरांना टाकतात ते दाणे. काल चौदा आली. त्या दाण्यांनी घरात उंदीर झाले, घरमालक खोली सोडायला सांगतोय. फोन उचलला की पलीकडे चिवचिव. माझी आई शाळेत शिकवते, तिचा नंबर शोधून काढला लोकांनी. ती वर्गात असते आणि फोन चिवचिवतो. परवा नाटकात माझा बाप मरतो तो प्रवेश चालू होता. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी चिवचिव केलं. मागच्या रांगा हसल्या. मग मला हसू आलं, मॅडम. बापाचं प्रेत समोर आणि मी हसतेय. दिग्दर्शक म्हणाला, थोडे दिवस विश्रांती घे. माझ्या जागी दुसरी उभी आहे आता."

ताईनं कठडा धरला. "मी काय दाणे पाठवले?"

"नाही. तुम्ही फक्त नाव ठेवलंत. बाकीचं लोकांनी केलं."

ताई वाट काढून उतरायला लागली.

"आणि अजून एक," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तुम्ही टेस्ट दिली होती. मला माहीत आहे, कारण तुमची टेप मला ऐकवली. नव्या गेममधली घार पन्नाशीची आहे, थकलेली आहे. त्या दिग्दर्शिका म्हणाल्या, यादी करायला हा गळा पुरणार नाही, पण घार अशीच बोलते. ही बाई जिथे तुटते, तिथे तूही तूट. मी पाच महिने तुमचा आवाज काढायला शिकले. कानाला लावून झोपायचे. तुम्ही ज्याला चिमणी म्हणालात ना, ते माझं नाही. ते तुमचं आहे."

वर कुठेतरी दार उघडून बंद झालं.

"मग तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सही केलीय मी. तुम्हीही केली असेल. फरक एवढाच, की मी तोंड उघडलं तर मला काढतील आणि लोक म्हणतील चोराच्या उलट्या बोंबा. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे." तिनं टोपी परत ओढली. "मी विनवायला नाही आले. तुम्हाला हे माहीत नाही असं होऊ नये, एवढंच."

ती गेली. घरी जाऊन ताईनं दार लावलं, ट्रेलर काढला, डोळे मिटून ऐकला. एकदा, दोनदा, सहा वेळा. 'वर' आणि 'बघ' यांच्यामधला तो श्वास, मागे सरकणारा, पायरी चुकल्यासारखा. तो तिचाच होता. इतके दिवस तिनं तो ओळखला नव्हता, कारण आपल्या मनातला आपला आवाज अजून एकोणतीस वर्षांचा होता.

तरीही ती लगेच काही शहाणी झाली नाही. पहिले दोन दिवस ती चिडलेलीच होती. मुलीवर, दिग्दर्शिकेवर, आपली टेप न विचारता दुसऱ्याला ऐकवली म्हणून कंपनीवर. मग तिनं मधला मार्ग काढायचा म्हणून कवटीला फोन केला.

"तुमच्या लोकांना सांगा ना, त्या मुलीला त्रास देऊ नका म्हणून."

"मॅडम, मी कुणाला दाणे पाठवायला सांगितलेलं नाही. लोकांच्या भावना आहेत. आणि सुरुवात तुम्हीच..." तो अदबीनं थांबला. "तुम्ही मनानं फार मोठ्या आहात, हे सांगतो मी सगळ्यांना."

त्यानं खरंच सांगितलं. 'घारीचं मन बघा, चिमणीलाही माफ करते!' दुसऱ्या दिवशी मुलीकडे एकवीस पार्सलं गेली.

मग ताईनं त्याला सांगितलं, रविवारी मला परत लाइव्ह घ्या. कवटी हरखला.

या वेळी चाळीस हजार होते. ताईनं कपाळावरचा घाम पुसला आणि प्रश्नाची वाट न पाहता बोलायला लागली.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले. मला विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी टेस्ट दिली आणि नापास झाले. माझा गळा आता ते काम करू शकत नाही. त्या मुलीनं कुणाचं काही हिसकावलेलं नाही. तुम्ही ट्रेलरमध्ये जो आवाज ऐकता, तो माझ्या आजच्या आवाजावरून तिनं उचललाय. मेहनतीनं उचललाय. मी तिला चिमणी म्हणाले ते जळून म्हणाले. दाणे पाठवणं बंद करा."

कवटीचा चेहरा आधी रिकामा झाला. मग हळूहळू लाल.

"म्हणजे तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात."

"हो."

"मी तुम्हाला माझ्या पलंगाची गोष्ट सांगत होतो, मॅडम, आणि तुम्ही..." त्याचा गळा दाटला. पण चाळीस हजार लोकांसमोर दाटलेला गळा फार वेळ तसा ठेवता येत नाही. त्यानं तो रागावर नेला. "कंपनीनं काय देऊ केलं तुम्हाला? आता हे सगळं बोलायचं? खरं सांगा."

"काही नाही. उलट आज हे बोलले म्हणून ते मला परत दारात उभं करणार नाहीत."

"मग दाखवा," कवटी म्हणाला. "गळा गेला म्हणता ना? मारा आरोळी. इथे, आत्ता. आम्ही ठरवू गेला की नाही."

खालची पट्टी धावत होती. 'मारा', 'मारा', 'वर बघ', 'विकली गेली', 'मारा'. ताईनं कॉम्प्युटर बंद करायचं बटण पाहिलं. तिथपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. खुर्ची सरकवून ती उभी राहिली, त्यामुळे लोकांना तिचं फक्त पोट आणि अर्धं कपाट दिसत होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली.

'वर' निघालं. 'बघ'वर आवाज फाटला, वर गेला, मग खालीच गेला, आणि शेवटी नुसती हवा उरली. खोकल्याची उबळ आली. ती वाकली तेव्हा चाळीस हजार लोकांना तिचा भांग दिसला.

पट्टी क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि मग हसणाऱ्या तोंडांनी भरून गेली. कवटीनं कार्यक्रम तिथेच तोडला. लाजेनं की रागानं, ते त्यालाच माहीत.

चार वाजता नवरा घरी आला. रविवारी तो अर्धा दिवसच दुकान उघडायचा. त्याला एका गिऱ्हाइकानं फोनवर सगळं दाखवलं होतं, कफ सिरप घेता घेता.

"दाताचा डॉक्टर," तो म्हणाला.

"अहो, मी सांगणारच होते..."

"चाळीस हजार लोकांना सांगितलंस. त्यांच्याआधी मला सांगता आलं नसतं? दोन वर्षं मी विचारतोय, घसा का खाकरतेस. मी औषधवाला आहे गं. माझं काम आहे ते."

ताईनं समजवायचा प्रयत्न केला. लाज वाटत होती, असं ती म्हणाली. "माझी?" असं त्यानं विचारलं. आठ दिवस तो तिच्याशी हूं आणि उंहूं यापलीकडे बोलला नाही. जेवायचा, ताट उचलायचा, जायचा. नवव्या दिवशी तिच्या ताटाशेजारी घशाच्या गोळ्यांची पट्टी ठेवलेली होती. "दिवसाला चार," तो म्हणाला. "जास्त नाही." भांडण मिटलं असं नाही, पण बोलणं सुरू झालं.

लोक मात्र मिटवायला तयार नव्हते. चिमणीचा पिच्छा सुटला नव्हता आणि आता जोडीला म्हातारी घार आली. 'गळ्यासकट विकली गेली.' 'आमच्या लहानपणाशी बेइमानी.' दंडावर गोंदवून घेतलेल्या माणसानं ते गोंदण काळ्या पट्ट्यानं झाकल्याचा फोटो टाकला. ताईच्या घरी दाणे आले नाहीत. खोकल्याची औषधं आली. बाटल्यांवर बाटल्या, नवऱ्याच्या दुकानात नसतील इतक्या. त्यानं एकेक उजेडात धरून पाहिली. "सातांची मुदत संपलेली आहे," तो म्हणाला. "शिव्या द्यायच्या तर ताज्या तरी द्याव्यात." कंपनीचं पत्र आलं: गुप्ततेचा करार मोडल्याबद्दल यापुढे आपल्याशी कोणताही संबंध ठेवला जाणार नाही. फळवाला पुन्हा अनोळखी झाला. जावेच्या भाचीला सही नको होती.

एवढं मात्र झालं, की कुणा रिकामटेकड्यानं ताईची ती फाटलेली आरोळी आणि ट्रेलरमधली ओळ एकामागोमाग लावून टाकली. मधला श्वास सारखा होता, शेंबडं पोरही ओळखेल इतका. त्यावर दोन दिवस हाणामारी झाली. काहींनी माफी मागितली, काहींनी माफी मागणाऱ्यांना शिव्या दिल्या. दाण्यांची पार्सलं एकविसावरून पाचावर आली, पाचावरून एकावर. आणि मग कंपनीनं नवं चित्र टाकलं, त्यात घारीचा लोखंडी पंख डाव्याऐवजी उजव्या खांद्यावर होता. झालं. सगळी फौज तिकडे वळली. ज्यानं पंख काढला त्या चित्रकाराचं नाव दुपारपर्यंत शोधून काढण्यात आलं. कवटीनं त्यावर तीन तासांचा कार्यक्रम केला. ताईनं तो पाहिला नाही. तिला फक्त त्या चित्रकाराची कीव आली, आणि तिला काय करता येणार होतं?

गेम निघाला. विकला गेला. अर्धे म्हणाले थुंकण्याच्या लायकीचा नाही, अर्धे म्हणाले इतका वाईट नाही, आणि दोन्ही अर्ध्यांनी तो शेवटपर्यंत खेळला. मुलीला नाटकात जागा परत मिळाली, तीसुद्धा तिच्या जागी आलेली आजारी पडली म्हणून. कंपनीनं तिला पुढच्या भागासाठी घेतलं. आणि काम रेकॉर्डिस्टच्याच स्टुडिओत आलं.

रेकॉर्डिस्ट ताईला भेटायला घरी आला.

"ती म्हणते, ताई इमारतीत असेल तर मी पाय ठेवणार नाही."

"मग?"

"तू सकाळी ये. ती दुपारी. चालेल?"

"मी तिला एकदा भेटून..."

"नको. मी विचारलं तिला. म्हणाली, त्यांनी खरं सांगितलं ते बरं केलं, पण ते त्यांचं देणं होतं, उपकार नव्हे. माफीबिफी मला नको."

ताईला राग आला. दिवसभर होता. मग तिला वाटलं, त्या जागी मी असते तर मी तर जिन्यावर पायही ठेवला नसता.

तेव्हापासून सकाळ ताईची, दुपार मुलीची. बँकेला अजून आपुलकी कमी पडत होती. आता त्यांना घोगरा आवाज आवडायला लागला होता, विश्वासू वाटतो म्हणे. दोन महिने दोघींची गाठ पडली नाही. एकदा ताई पिशवी विसरली आणि तीन वाजता ती घ्यायला परत गेली. बाहेरचा लाल दिवा लागलेला होता. तिनं आतलं दार हळूच ढकललं.

काचेपलीकडे मुलगी यादीवर होती. रेकॉर्डिस्टनं खोलीतला आवाज बंद करून कानाला हेडफोन लावले होते, त्यामुळे ताईला काही ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र होतं. प्रत्येक आरोळीला मुलीचे खांदे कानाशी जात होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठत होत्या. दोन आरोळ्यांमध्ये ती घसा धरत होती. टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. ताईनं हे कुठे पाहिलं होतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं. तेव्हा आपल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

पिशवी उचलून निघून जाता आलं असतं. ती रेकॉर्डिस्टच्या खांद्याशी गेली आणि त्याच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला.

"तिला सांग, खांदे सोड. मान मोकळी ठेव, जोर पोटातून लाव. आणि प्रत्येक दहांनंतर पाच मिनिटं गप्प बसायचं, पाणी प्यायचं नाही, नुसतं गप्प. माझं नाव घेऊ नकोस."

रेकॉर्डिस्टनं बटण दाबलं आणि जसंच्या तसं सांगितलं. मुलीनं यादीवरून डोळे वर केले. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे. तिनं ताईला पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. मग ओठ हलले. रेकॉर्डिस्ट अवघडून ताईकडे वळला.

"त्यांना बाहेर जायला सांगा, म्हणतेय."

"जातेच आहे," ताई म्हणाली.

दाराशी तिनं एकदा मागे पाहिलं. मुलगी पुढच्या आरोळीसाठी उभी राहिली होती, दोन्ही पाय रोवून. तिचे खांदे खाली होते. ताईनं दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की पिशवी आतच राहिली. ती परत गेली नाही.